सकाळीं रुसणारी गाडी : कारणें व उपाय



नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यानें बारामती व इंदापूर या तालुक्यांत ऊंस उभा केला, आणि उंसाबरोबर शेतकऱ्याचें घरहि गांवठाण सोडून रानांत गेलें. गांवापासून दोन-तीन मैलांवर, भोंवतीं उंसाचा फड आणि मध्यें एक घर, अशा कितीतरी वस्त्या आज आपण पाहतों. अशा वस्तीच्या दारांत उभी असलेली जीप, मोटार किंवा ट्रॅक्टर यांवर पुष्कळ कांहीं अवलंबून असतें. रात्रीं उंसाला पाणी देतांना कोणास सर्पदंश झाला, किंवा घरांतील एखाद्या स्त्रीस अवेळीं कळा सुरू झाल्या, तर इस्पितळ गांठण्यासाठीं तीच एक गाडी हाताशीं असते. अशा घटकेस किल्ली फिरवावी, आणि इंजिनानें नुसतें कण्हून गप्प बसावें, याहून मोठी हतबलता दुसरी नाहीं.

परंतु गाडी बहुधा एकाएकीं दगा देत नाहीं. ती कित्येक दिवस आधीं सूचना देत असते. काल दोन पलटींत चालू होणारें इंजिन आज सहा पलटी घेतें. आज एका किल्लीस चालू होणारी गाडी उद्यां तीन वेळां किल्ली फिरवावयास लावते. ही सूचना ओळखणें, तिचें कारण शोधणें, आणि थोडक्या खर्चांत तें दूर करणें, हा या पाठाचा विषय आहे. पदार्थविज्ञानाच्या तासाला आपण जें शिकतों त्याचा येथें पदोपदीं उपयोग होतो, हेंहि वाचकांच्या लक्षांत येईल.

हँडलपासून सेल्फपर्यंत

मोटारीच्या इतिहासाशीं आपल्या इंदापूर तालुक्याचा जवळचा संबंध आहे. ज्या वालचंद हिराचंद यांच्या नांवानें वालचंदनगर वसलें, त्यांनींच १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यांत तयार झालेल्या फियाट व पुढें पद्मिनी या गाड्या मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून सर्वपरिचित झाल्या. त्यांचें उत्पादन सन २००० च्या सुमारास थांबलें, आणि २०२३ सालीं टॅक्सी म्हणून त्यांची सेवाहि संपली. इकडे बारामतीच्या औद्योगिक वसाहतींत आज पियाजिओ कंपनीच्या कारखान्यांत तीनचाकी गाड्या व व्हेस्पा स्कूटर तयार होतात.

आरंभींच्या मोटारींचें इंजिन हातानें फिरवावें लागे. गाडीच्या तोंडाशीं लोखंडी हँडल घालून तें जोरानें फिरवीत, आणि इंजिनानें उलट झटका दिला तर फिरविणाऱ्याचें मनगट मोडे. अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग या अभियंत्यानें यावर विजेचा उपाय काढला, व १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांवर विजेनें फिरणारा स्टार्टर बसविण्यांत आला. आपल्याकडील मिस्त्री व चालक यालाच 'सेल्फ' म्हणतात. सेल्फ ही एक लहान पण मोठी बळकट मोटर आहे. किल्ली फिरविली म्हणजे तिचें दांतेरी चाक इंजिनाच्या फ्लायव्हीलच्या दांत्यांत अडकतें, आणि इंजिन स्वतःच्या बळावर चालूं लागेपर्यंत तें त्यास फिरवीत राहतें.

तीन आवश्यक गोष्टी

इंजिन चालू होण्यास तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली, तें पुरेशा वेगानें फिरलें पाहिजे. दुसरी, त्यास इंधन व हवा योग्य प्रमाणांत मिळाली पाहिजे. तिसरी, तें इंधन योग्य क्षणीं पेटलें पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनांत हें काम प्लगची ठिणगी करते, आणि डिझेलच्या इंजिनांत दाबामुळें तापलेली हवा करते. गाडी उशिरां चालू होते याचा अर्थ या तिहींपैकीं एकींत कसर आहे. कोणत्या गोष्टींत कसर आहे हें ठरविल्यावांचून हत्यार हातीं घेणें, म्हणजे रोग्याची नाडी न पाहतां औषध देण्यासारखें आहे.

सुदैवानें येथें नाडीपरीक्षा फार सोपी आहे. किल्ली फिरवावी आणि कान देऊन ऐकावें. इंजिन जड जड, थांबत थांबत फिरत असेल, तर दोष विजेच्या बाजूस आहे. तें मुळींच न फिरतां नुसता 'टिक्' असा किंवा 'टिक्-टिक्-टिक्' असा आवाज येत असेल, तरीहि दोष बहुधा तिकडेच आहे. परंतु इंजिन चपळाईनें फिरतें आणि तरी पेट घेत नाहीं, असें असेल तर बॅटरीला दोष देऊं नये. दोष इंधनाकडे किंवा पेटविण्याच्या व्यवस्थेकडे आहे. एवढा एक भेद ज्यानें ओळखला त्यानें अर्धें काम केलें.

इंजिन जड फिरत असेल तर

मोटारींतील शिशाची बॅटरी ही गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं शोधून काढली. तिच्यांत सहा घरें असतात. प्रत्येक घर सुमारें २.१ व्होल्ट दाब देतें. त्यामुळें पूर्ण भरलेली बॅटरी, गाडी कांहीं तास उभी राहिल्यावर मोजली असतां, सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. १२.४ असेल तर ती सुमारें पाऊण भरलेली, १२.२ असेल तर अर्धी, आणि १२ असेल तर जवळजवळ रिकामी समजावी. आंकड्यांतला फरक लहान दिसतो, पण त्याचा अर्थ मोठा आहे. अर्धी रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली तर तिच्या पत्र्यांवर शिशाचा गंधकयुक्त क्षार घट्ट बसतो, आणि मग ती पुनः पूर्ण भरत नाहीं.

विजेचा मीटर साधारण किंमतीस मिळतो, व प्रत्येक गाडीवाल्यानें तो बाळगावा. तो नसेल तर दिव्यांनीं परीक्षा करावी. पुढचे दिवे लावून किल्ली फिरवावी. दिवे अगदीं मंद होऊन इंजिन जड फिरलें, तर बॅटरी रिकामी आहे किंवा तिचे जोड खराब आहेत. दिवे चांगले प्रकाशत राहिले आणि तरी इंजिन फिरलें नाहीं, तर वीज सेल्फपर्यंत पोंचतच नाहीं किंवा सेल्फच बिघडला आहे.

येथें पुष्कळ लोक घाई करितात, आणि नवी बॅटरी आणण्यास दुकानीं धांव घेतात. कित्येक हजार रुपये खर्च होतात, दोन दिवस गाडी बरी चालते, आणि तिसऱ्या दिवशीं पुनः तेंच रडगाणें सुरू होतें. याचें कारण ओहमच्या नियमांत आहे. विरोध कितीहि लहान असला तरी त्यांतून मोठा प्रवाह गेला कीं दाब बराच खर्ची पडतो. घरांतील दिव्याला एक अँपिअरहून कमी प्रवाह पुरतो. सेल्फला मात्र शंभर-दोनशें अँपिअर लागतात. म्हणून जोडावरील जो मळ दिव्याला जाणवत नाहीं तोच सेल्फचा गळा आवळतो.

एक उदाहरण सोडवून पाहूं. समजा, निमगांव केतकीजवळच्या एका वस्तीवरील जीप सकाळीं जड फिरते. उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखविते. किल्ली फिरविली असतां बॅटरीच्या दोन टोकांमध्यें १०.८ व्होल्ट राहतात. ही बॅटरी चांगली आहे. कारण सेल्फ फिरत असतां दाब ९.६ च्या खालीं गेला तरच तिच्याविषयीं शंका घ्यावी. पण त्याच वेळीं सेल्फच्या ठिकाणीं मोजले तर ८.४ व्होल्टच मिळतात. म्हणजे २.४ व्होल्ट वाटेंत हरवले. प्रवाह १२० अँपिअर धरिला तर वाटेंतला विरोध २.४ भागिलें १२०, म्हणजे ०.०२ ओहम झाला. एवढासा विरोध, पण त्यानें पांचवा हिस्सा दाब गिळला.

आतां हा चोर कोणत्या वाटेवर आहे तें शोधावयाचें. मीटरचें एक टोंक बॅटरीच्या धन टोंकावर व दुसरें सेल्फच्या जाड तारेच्या बोल्टावर ठेवून किल्ली फिरविली; ०.२ व्होल्ट दिसले. एवढें चालावयाचें. मग एक टोंक बॅटरीच्या ऋण टोंकावर व दुसरें सेल्फच्या अंगावर ठेविलें, २.२ व्होल्ट दिसले. चोर सांपडला. इंजिनास बॅटरीशीं जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजली होती, किंवा तिचा बोल्ट ढिला होता. पट्टी सोडून, दोन्ही जागा पॉलिश पेपरनें चकचकीत घांसून, बोल्ट घट्ट आवळला कीं गाडी पूर्ववत् होते. खर्च केवळ अर्ध्या तासाच्या श्रमाचा!

बॅटरीच्या टोकांवर पांढरी अथवा हिरवट-निळी बुरशी सांचते, ती आम्लाच्या वाफेनें होते. तार सोडून, खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यानें व जुन्या दांत-ब्रशानें ती धुवावी. सोड्याचें पाणी बॅटरीच्या आंत मात्र जाऊं देऊं नये. कोरडें झाल्यावर तार घट्ट बसवून वरून व्हॅसलिनचा पातळ थर द्यावा. झांकणें उघडतां येणारी बॅटरी असेल तर तिच्यांत शुद्ध केलेलें बॅटरीचें पाणीच घालावें. विहिरीच्या वा कालव्याच्या पाण्यांतील क्षार तिला मारक ठरतात.

सेल्फच्या ठिकाणीं पूर्ण दाब पोंचत असूनहि तो जड फिरत असेल, तर त्याचे कार्बन ब्रश किंवा बुश झिजले आहेत असें समजून तो मिस्त्रीकडे द्यावा. न फिरतां एकच जड 'टिक्' ऐकूं येत असेल, तर सेल्फवरील विद्युच्चुंबकाचे तांब्याचे संपर्क जळलेले असण्याचा संभव असतो. भराभर 'टिक्-टिक्' होत असेल तर बॅटरीची शक्ति अपुरी पडते, किंवा जोड ढिला आहे.

थंडी आणि उन्हाळा

मार्गशीर्ष-पौषाच्या पहांटे हा दोष अधिक दिसतो, यास दोन कारणें आहेत. थंडीनें इंजिनांतील तेल दाट होतें, म्हणून फिरविण्यास बळ अधिक लागतें. आणि त्याच वेळीं बॅटरींतील रासायनिक क्रिया मंदावते, म्हणून तिचें बळ कमी होतें. मागणी वाढावी आणि पुरवठा घटावा, असा हा दुहेरी प्रसंग आहे. तथापि बॅटरीचा खरा वैरी उन्हाळा होय. वैशाखांतील उष्णतेनें तिचें पाणी आटतें व पत्रे झिजतात; ती उन्हाळ्यांत आजारी पडते, आणि हिंवाळ्यांत तिचा आजार उघडकीस येतो. यासाठीं चैत्रांतच पाण्याची पातळी पाहण्याची संवय ठेवावी.

रात्रींत रिकामी होणारी बॅटरी

संध्याकाळीं भरलेली बॅटरी सकाळीं रिकामी होत असेल, तर गाडी उभी असतां कोणीतरी तिची वीज पीत आहे. आमच्या भागांतील ट्रॅक्टरवर कर्णे व गाण्याचीं यंत्रें लावण्याची हौस सर्वांस ठाऊक आहे. त्यांची जोडणी किल्लीच्या अलीकडून, थेट बॅटरीवरून केलेली असेल तर तीं बंद दिसत असूनहि थोडा थोडा प्रवाह घेत राहतात. हिशेब पहा. समजा, बॅटरी ६० अँपिअर-तासांची आहे, आणि गुप्त खर्च अर्ध्या अँपिअरचा आहे. चोवीस तासांत १२ अँपिअर-तास गेले; चार दिवसांत ४८. घरची मंडळी जत्रेस जाऊन चौथ्या दिवशीं परत येतात तों गाडी मुकी! चांगल्या स्थितींतील गाडींत हा खर्च ०.०५ अँपिअरच्या आंत असावा. एकेक फ्यूज काढून कोणता काढल्यावर प्रवाह थांबतो तें पाहिलें म्हणजे अपराधी सांपडतो.

याच्या उलट, बॅटरी भरलीच जात नाहीं असेंहि घडतें. इंजिन चालू असतां बॅटरीच्या टोकांवर सुमारें १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. त्याहून कमी असतील तर डायनॅमोचा पट्टा सैल आहे काय, हें प्रथम पाहावें.

इंजिन चपळ फिरतें, पण पेट घेत नाहीं

डिझेलच्या गाड्यांत याचें नेहमींचें कारण म्हणजे नळींत हवा शिरणें; मिस्त्री म्हणतात, 'गाडीनें हवा घेतली.' एखादा वायसर झिजलेला असतो किंवा नळीला बारीक चीर असते. रात्रभर गाडी उभी राहिली कीं डिझेल टाकीकडे मागें ओघळतें व नळींत हवा भरते. हातपंप दहा-वीस वेळां दाबून गाडी लगेच चालू झाली, तर हेंच कारण निश्चित समजावें, आणि टाकीपासून फिल्टरपर्यंतचे सर्व जोड पाहावे. थंडींतच उशीर होतो आणि चालू होतांना पांढरा धूर येतो, असें असेल तर हीटर प्लग तपासावे. फिल्टरांत सांचलेलें पाणी वेळोवेळीं काढावें.

पेट्रोलच्या नव्या गाड्यांत पंप टाकींतच असतो. किल्ली पहिल्या टप्प्यावर दोन सेकंद ठेवून बंद करावी. असें तीनदां करून मग सेल्फ मारावा. एरव्हीं उशिरां चालू होणारी गाडी या युक्तीनें तत्काळ चालू झाली, तर नळींतील दाब रात्रभरांत ओसरतो, म्हणजे पंपाची झडप किंवा इंजेक्टर गळतो, असा निष्कर्ष निघतो. तसें नसेल तर प्लग, हवेचा फिल्टर, व इंजिनाची उष्णता सांगणारा सेन्सर हीं क्रमानें पाहावीं. आधुनिक गाडींतील संगणक आपल्या दोषाची नोंद ठेवितो, व मिस्त्री ती स्कॅनरवर वाचूं शकतो. तथापि ती नोंद केवळ एक साक्ष आहे, निवाडा आपणच करावयाचा असतो.

या सर्व शोधांत एक नियम पाळावा : एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि बदलल्यावर परीक्षा घ्यावी. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशानें सुधारली हें कधींच कळत नाहीं. प्रयोगशाळेंत गुरुजी हीच शिस्त लावितात.

जिवावर बेतणाऱ्या चुका

आतां सर्वांत महत्त्वाचें. सेल्फ लागत नाहीं म्हणून कित्येक लोक ट्रॅक्टरच्या बाजूस जमिनीवर उभे राहून स्क्रू-ड्रायव्हरनें सेल्फचीं दोन टोकें जोडतात. ट्रॅक्टर गिअरमध्यें असला तर तो त्याच क्षणीं चालूं लागतो, आणि मोठें चाक जोडणाऱ्याच्या अंगावरून जातें. शेतकऱ्यांचे प्राण या रीतीनें गेलेले आहेत. हा प्रकार कोणी करीत असेल तर मुलांनीं लहानपणाचा संकोच न धरितां त्यास थांबवावें. पालकांनींहि त्याचा राग मानूं नये. गाडी नेहमीं चालकाच्या आसनावर बसून, गिअर न्यूट्रलमध्यें असल्याची खात्री करूनच चालू करावी.

बॅटरी भरत असतांना हायड्रोजन वायु सुटतो, व तो ठिणगीनें स्फोट पावतो. म्हणून तिच्याजवळ काडी किंवा विडी पेटवूं नये. तार सोडतांना ऋण बाजू आधीं सोडावी, जोडतांना ती शेवटीं जोडावी. म्हणजे पाना चुकून गाडीच्या लोखंडास लागला तरी ठिणगी उडत नाहीं. हातांतील आंगठी व कडें काढून ठेवावें. आम्ल अंगावर किंवा डोळ्यांत उडालें तर पुष्कळ स्वच्छ पाण्यानें धुवावें व डॉक्टरांकडे जावें.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून आपली गाडी चालू करावयाची असेल तर क्रम असा : प्रथम एक तार रिकाम्या बॅटरीच्या धन टोंकास, मग तिचें दुसरें टोंक भरलेल्या बॅटरीच्या धन टोंकास, नंतर दुसरी तार भरलेल्या बॅटरीच्या ऋण टोंकास, आणि तिचें शेवटचें टोंक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडास, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडावर ठिणगी उडते. ती वायूपासून दूर असावी हा यांतील हेतु.

समारोप

शाळेंत आपण दहा कुमारिकांचा दाखला ऐकतों. त्यांतील पांच जणींचे दिवे ऐन वेळीं विझूं लागले; कारण तेल आधीं भरून घेण्याची आठवण त्यांना राहिली नव्हती. वर येण्याच्या घटकेस बाजार शोधण्याची पाळी त्यांच्यावर आली. गाडीचेंहि असेंच आहे. महिन्यांतून एका रविवारीं दुपारीं अर्धा तास काढावा. बॅटरीचीं टोकें, पाण्याची पातळी, अर्थिंगची पट्टी व डायनॅमोचा पट्टा पाहावा. आणि उभ्या गाडीचा दाब मोजून एका वहींत तारीखवार लिहून ठेवावा. वरच्या वर्गांतील मुलामुलींनीं हें काम वडिलांच्या देखत अवश्य करावें. सहा महिन्यांच्या नोंदी समोर ठेविल्या म्हणजे बॅटरी केव्हां थकत चालली तें आंकडेच सांगतील, आणि ती निकामी होण्यापूर्वीं बदलतां येईल.

ज्या रात्रीं वस्तीवर कोणास त्वरित इस्पितळांत न्यावें लागेल, त्या रात्रीं किल्ली एकदांच फिरवावी लागावी, आणि दिवे पाजळून गाडीनें भिगवण, इंदापूर किंवा बारामतीची वाट धरावी, यासाठीं हा अर्ध्या तासाचा खटाटोप आहे.